गोष्ट कुणाच्या तोंडून?

निपाणी आज स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. १९८१ साली ते चिकोडी तालुक्यात मोडत होते. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतकरी चळवळीच्या इतिहासात हे आंदोलन मोठा टप्पा मानले जाते. सीमाभागात त्याची आठवण निघते तीही शेतकऱ्याच्याच बाजूने. वर्षभर राबणारा कुणबी, भाव पाडणारा व्यापारी आणि लाठ्या-बंदुका घेऊन उभे राहिलेले सरकार, असा तो पट असतो.

या आंदोलनानंतर वर्षभरातच, १९८२ साली, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा छोटा माहितीपट तयार झाला. बंगळूरच्या ‘युगांतर’ या गटाने, म्हणजे दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी तो केला. हा गट काही महिने निपाणीत राहिला, तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये वावरला आणि त्यांचे बोलणे ऐकत राहिला. तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत दिवस काढणाऱ्या, मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी संघटित झालेल्या या स्त्रियांचे सांगणे हाच त्या चित्रपटाचा कणा आहे. त्यांच्या लढ्यामागे चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा होता. पुढे छाया दातार यांनी याच स्त्रियांच्या संघटनेचा अभ्यास करून ‘वेजिंग चेंज’ हे पुस्तक इंग्रजीत लिहिले. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले.

पीक तेच, गाव तेच, वर्षेही जवळपास तीच. आणि तरीही सांगणे तीन. शेतकऱ्याच्या गोष्टीत तंबाखू म्हणजे घामाचे मोल. त्या गोष्टीत वखारीतली बाई जवळजवळ दिसत नाही, कारण शेतकऱ्याचे डोळे वखारीच्या दाराशी, काट्यावर खिळलेले असतात. बाईची गोष्ट त्याच दाराच्या आत सुरू होते. तिथे तंबाखू म्हणजे धूळ, खोकला आणि मुकादमाची नजर. अभ्यासकाच्या पुस्तकात दोघांनाही जागा मिळते, पण त्यातला प्रत्येक जण थोडा लांब उभा राहतो. यांतली कोणतीही गोष्ट खोटी नाही. मात्र वाचक किंवा प्रेक्षक ज्या गोष्टीतून आत शिरतो, तिच्यातल्या माणसाचे दुःख त्याला आधी आपले वाटते आणि बाकीच्यांचे नंतर, तेही वेळ उरला तर.

साहित्यविचारात ज्याला निवेदनतंत्र आणि दृष्टिबिंदू म्हणतात, त्याचे मर्म एवढेच आहे. गोष्ट काय घडली, हा एक प्रश्न. ती कोण सांगतो, कुठे उभा राहून, कुणाच्या भाषेत आणि किती जाणून, हा दुसरा. आपण वाचक पहिल्या प्रश्नात गुंतलेले असताना लेखक दुसऱ्याचे उत्तर देऊन मोकळा झालेला असतो, आणि आपली सहानुभूती, आपला राग, आपले हसूसुद्धा त्याने आखलेल्या वाटेने निघालेले असते. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे शाळेत कुणी सांगत नाही, सांगायला हवे. निवेदक ही लेखकाने निर्माण केलेली व्यक्ती असते, नायकाइतकीच कल्पित. फार तर तिचे नाव मुखपृष्ठावर येत नाही.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच याचे नमुनेदार उदाहरण सापडते आणि त्याचे एक टोक बेळगावात आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. तिथल्या मिशनच्या शाळेत ते शिकले आणि १८५४ साली त्याच गावी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५७ साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, गावोगावी विधवांना भेटतात, त्यांच्या कहाण्या ऐकतात. पुढे यमुनेवरही वैधव्य ओढवते. पुस्तकाचे दुसरे नावच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे, आणि ‘निरूपण’ हा शब्द तिथे अचूक बसतो. सर्व काही जाणणारा तृतीयपुरुषी निवेदक एकेक विधवा वाचकासमोर आणतो, तिची कैफियत ऐकवतो आणि तिच्यावर भाष्य होते. न्यायालयात साक्षीदार उभे राहावेत तशा या स्त्रिया येतात आणि साक्ष संपली की निघून जातात. वाचक न्यायाधीशाच्या जागी बसलेला असतो. त्याला अन्याय पटतो, संतापही येतो. पण तो संताप विचारांचा असतो.

तेहेतीस वर्षांनी, १८९० साली, हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. विषय तोच: विधवेचे जिणे, केशवपन, घरातल्या वडीलधाऱ्यांचा जाच. योगायोग असा की नायिकेचे नावही तेच, यमुना. पण इथे यमूची हकीकत सांगणारा कुणी तिसरा नाही. यमू स्वतः बोलते, आणि तेही भाषणाच्या थाटात नव्हे; माजघरात बसून एखादी मुलगी बोलावी तशी, मध्येच आठवण काढत, मध्येच विषय सोडून.

यातली खरी कारागिरी ‘मी’ या शब्दाच्या पोटात आहे. सांगणारी यमू मोठी, सोसून झालेली आहे. जिच्याविषयी ती सांगते ती यमू पोर आहे. लहान यमूला घरातल्या ज्या गोष्टी खेळ वाटतात, त्यांचा अर्थ मोठ्या यमूला कळलेला आहे आणि वाचकालाही कळतो आहे. कळत नाही ते फक्त त्या मुलीला. ती उत्साहाने सांगत जाते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पदमनजींच्या वाचकाला विधवेचे दुःख माहीत होते. आपट्यांच्या वाचकाला ते येताना दिसते आणि त्याला हात घालून थांबवता येत नाही. शिवाय ही कादंबरी आठवड्याआठवड्याने येत होती. मधले सात दिवस यमू वाचकाच्या घरीच मुक्कामाला असणार. कागदावरच्या विधवेसाठी हळहळणारा वाचक आपल्या घरातल्या, माजघराच्या अंधारात वावरणाऱ्या आत्याबाईकडे वेगळ्या नजरेने पाहू लागावा, अशी सोय त्या ‘मी’ने केली. पदमनजींना कमी लेखण्याचे कारण नाही. वाट नसलेल्या रानात त्यांनी वाट पाडली. पण साक्ष ऐकणे आणि सोबत राहणे यांतले अंतर या दोन यमुनांमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. आणखी एक गंमत नोंदवण्याजोगी. बाईच्या मनातले इतके आतले बोलणारा हा ‘मी’ एका पुरुषाने लिहिला आहे. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे आत्मकथन नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

‘मी’ सुद्धा सगळे सारखे नसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा तरुण मास्तर आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर तो नोकरीनिमित्त येतो. त्याच्याबरोबर आपणही पहिल्यांदाच वाडीत पाऊल टाकतो, म्हणून तिथले प्रत्येक घर, प्रत्येक मेंढरू आपल्याला नवे दिसते. धनगर त्यांच्या माणदेशी बोलीत बोलतात, मास्तर मात्र प्रमाण मराठीत सांगतो. दुष्काळ पडतो, वाडी उठते, माणसे जगायला बाहेर पडतात आणि मास्तरही निघतो. आपणही त्याच्याबरोबर निघतो, जड मनाने, पण निघतो. बाहेरून आलेल्या निवेदकाचे बळ आणि मर्यादा दोन्ही यात आहेत. त्याला आश्चर्य वाटू शकते; वाडीत राहून गेलेल्याला ते वाटणार नाही. पण त्याच्याजवळ परतीची वाट असते आणि वाचकाजवळही.

आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) ही परतीची वाटच बंद केली. यादव कागलचे. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये वीसेक किलोमीटर रस्ता आणि १९५६ नंतर राज्याची सीमा. मातीत आणि बोलीत म्हणावा असा फरक नाही. ‘गोतावळा’चा निवेदक नारबा हा शेतावरचा गडी आहे. बैल, म्हशी, कुत्रा, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक शेती सुधारायला काढतो, यंत्रे येतात, जनावरांची गरज संपते आणि नारबाचे गणगोत डोळ्यांदेखत पांगते. हीच हकीकत कृषिखात्याच्या पत्रिकेत आली असती तर ती प्रगतीची कथा ठरली असती, आणि तेही खोटे म्हणता आले नसते. मालकाच्या तोंडून आली असती तर धाडसाची. नारबाच्या तोंडून ती घरातली माणसे एकेक करून जाण्याची गोष्ट होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नारबा आपल्या बोलीतच सांगतो. फक्त संवादात नव्हे, पूर्ण निवेदनात. ग्रामीण कथेत त्यापूर्वी रूढ झालेली पद्धत अशी होती की पात्रे बोलीत बोलत आणि निवेदक शुद्ध भाषेत. या पद्धतीत वाचकाच्या नकळत एक पायरी तयार होते. निवेदक आणि वाचक वरच्या पायरीवर, पात्र खालच्या. पात्राचे बोलणे चटकदार वाटते, ऐकायला गोड वाटते, आणि तेवढ्यापुरते ते ‘आपले’ राहत नाही. नारबाच्या निवेदनात वरची पायरीच उरत नाही. पुण्याच्या वाचकाला पहिली पाने अडखळत वाचावी लागली असतील. चिकोडीच्या किंवा निपाणीच्या वाचकाला मात्र पुस्तकातला आवाज घरातल्या ओसरीवरून आल्यासारखा वाटला असेल. एकाच पानावर दोन वाचकांची स्थाने अशी उलटीपालटी होतात. निपाणीतच पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर लिहीत राहिलेले महादेव मोरे (२०२४ साली त्यांचे निधन झाले) यांच्या कथांचे बळही यातच होते. ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे, वखारीत जाणाऱ्या बायका यांच्याकडे त्यांनी पाहुण्याच्या नजरेने पाहिले नाही. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात जे कानावर येत होते, ते त्यांच्या परिचयाचे बोलणे होते.

‘मी’च्या या सामर्थ्याला दुसरी, काहीशी धोक्याची बाजू आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिताना महाभारतातल्या कर्णाला स्वतः बोलते केले. कादंबरीचे नऊ भाग आहेत. त्यांतले चार कर्ण सांगतो आणि उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. सहा वर्षांनी कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘राधेय’मध्ये तोच कर्ण तृतीयपुरुषी निवेदनातून रंगवला. (कोवाडचा चंदगड तालुका १९५६पूर्वी बेळगाव जिल्ह्यातच होता, हे जाता जाता. या टापूला कर्णाचा, म्हणजे जन्म एका घरी आणि वाढ दुसऱ्या घरी झालेल्या माणसाचा, ओढा का असावा यावर कुणीतरी सवडीने लिहायला हवे.) ‘मृत्युंजय’च्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी कर्णाला मनात घर दिले, त्याचे मोठे कारण हे की त्याचा अपमान आपण त्याच्या आतून सोसलेला असतो. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीविषयी जे बोलतो तिथे येईपर्यंत आपण त्याच्याबरोबर इतके चाललेलो असतो की मन त्याच्यासाठी सबब शोधू लागते.

आणि सहा निवेदकांत द्रौपदी नाही. ज्या स्त्रीवर कर्णाचे शब्द कोसळले तिला सांगण्याची पाळी मिळत नाही. हा कादंबरीचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. कादंबरी कर्णाची आहे आणि तिने कुणाचे तरी असायलाच हवे. पण अनेक निवेदक आले म्हणजे सर्व बाजू आल्या, हा समज मात्र वाचकाने बाळगू नये. पाळी कुणाला मिळाली याबरोबरच ती कुणाला मिळाली नाही, हे मोजण्याची सवय लावून घेतली तर कितीतरी परिचित पुस्तके नव्याने वाचता येतात. वर्तमानपत्रेही.

वर्तमानपत्राचा विषय निघालाच आहे तर मराठीपुरते एक तंत्र सांगितले पाहिजे, कारण ते इंग्रजी समीक्षेच्या पुस्तकांत सापडणार नाही. मराठीत निवेदकाला ‘तो’ आणि ‘ते’, ‘ती’ आणि ‘त्या’ यांतून निवड करावीच लागते. त्यातून सुटका नाही, कारण क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. देसाईंच्या ‘स्वामी’त (१९६२) थोरले माधवराव आदरार्थी बहुवचनातच वावरतात. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला हा तरुण. पण ते बहुवचन वाचकाला दरबारी अंतरावर, अदबीने उभे ठेवते, आणि रमाबाईंच्या सान्निध्यातल्या हळव्या क्षणीही पेशवा पेशवाच राहतो. कुणी हीच कथा ‘माधव आला, बसला, खोकला’ अशी लिहून पाहावी. माणूस एकदम जवळ येईल आणि इतिहास दूर जाईल.

बातमीत हीच निवड घाईने आणि सवयीने होते. मंत्रीबाई सभेत ‘म्हणाल्या’, तर वखारीतली बाई बहुधा ‘म्हणाली’. तिचे वय मंत्रीबाईंच्या आईएवढे असले तरी. वाक्यातली माहिती तंतोतंत खरी असते, पण वाचकाने कुणासमोर उठून उभे राहायचे आणि कुणाकडे बसल्या जागेवरून पाहायचे, हे एका प्रत्ययाने ठरवून टाकलेले असते. कन्नडमध्येही आदरार्थी रूपे आहेत आणि तिथेही निवेदकाला हीच कसरत करावी लागते. इंग्रजीतली ‘शी’ मात्र मंत्रीबाईंनाही तीच आणि मजूर बाईलाही तीच. छाया दातारांच्या इंग्रजी पुस्तकातली निपाणीची बाई मराठीत आणायची झाली, तर अनुवादकाला पहिल्याच वाक्यात पक्ष घ्यावा लागेल.

कन्नडचा उल्लेख झाला, त्यामुळे चिकोडीच्या वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण शेवटी घेतो. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, कागदपत्रे एका लिपीत आणि लग्नपत्रिका दुसरीत, हे इथले रोजचे जगणे आहे. गोव्यातल्या वाचकालाही ते परके नाही. अशा प्रदेशातला माणूस मराठी कथेत येतो तेव्हा त्याचे काय होते? बहुतेकदा तो हसवण्यासाठी येतो. त्याची लिंगे चुकतात, हेल निघतात. या चुकांमागे साधे व्याकरण आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. मराठीत मात्र वाटी ती, पेला तो आणि ताट ते. ज्याच्या मातृभाषेत हा भेदच नाही त्याने तो कुठून आणावा?

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. तिथल्या कृष्णराव हरिहर यांच्यावर त्यांनी लिहिलेले ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र ‘गणगोत’ या संग्रहात आहे. रावसाहेबांची कानडी वळणाची, शिव्यांनी मढलेली, लिंगभेद धाब्यावर बसवणारी मराठी त्यात इतकी जिवंत उतरली आहे की ती पाठ असणारे लोक आजही भेटतात. मग हे चित्र नुसती नक्कल का ठरत नाही? कारण ते सांगणारा ‘मी’ रावसाहेबांच्या वर उभा नाही. तो त्यांच्या बैठकीत बसलेला आहे, त्यांच्या गावात नवखा आहे, त्यांच्या मायेचा ऋणी आहे. निवेदक ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्या बोलण्याला आपण हसतो, पण तो माणूस आपल्या हसण्याने लहान होत नाही. लेखाच्या उत्तरार्धात तेच मोडके व्याकरण दुःखाच्या तोंडी येते तेव्हा हसण्याची सवय लागलेला वाचक गडबडतो. आधी आपल्याला हसवून घेतलेले असते ते याच क्षणासाठी.

इतके असूनही त्या लेखातली भाषा पु. लं.ची आहे आणि रावसाहेब त्या भाषेत पाहुणे आहेत. चिकोडीच्या बसस्थानकावर सहज कान दिला तर याची उलट बाजूही ऐकू येते. अस्खलित मराठी बोलणारा माणूस तिकिटासाठी कन्नड बोलू लागतो, शब्द चाचपडतो, क्रियापद अर्ध्यावर सोडतो, आणि बाकावर बसलेल्यांच्या ओठांवर हसू येते. रावसाहेबांनी ‘पी. एल.’ नावाच्या आपल्या मित्राची गोष्ट कानडीतून सांगितली असती, तर तिच्यात अडखळत बोलणारे पात्र पु. ल. असते आणि बेळगावच्या घराघरांत लोकांनी त्यांची नक्कल केली असती.